एका ताटाचीही पाककृती छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं पाककृतींचं पान मी न चुकता वाचते. गेल्या रविवारी त्यात मिश्र डाळींची आमटी होती. साहित्यात पाव किलो डाळी, चार कांदे, पाच टोमॅटो, अर्धी वाटी तेल आणि खाली नेहमीची ओळ, ‘चार ते पाच जणांसाठी’. त्याआधी भरली वांगी होती, तीही डझनभर. एका माणसाच्या जेवणाचं माप त्या पानावर मी अजून पाहिलेलं नाही. माझी विनंती सुरुवातीलाच सांगते. महिन्यातून निदान एका रविवारी एका माणसाची, एका किंवा दोन वेळची पाककृती द्या. ती का द्यावी आणि असा स्वयंपाक कशात सोपा होतो, ते सविस्तर लिहिते आहे.

मी निवृत्त परिचारिका आहे, मिरजेत राहते. लग्न केलं नाही. आई होती तोवर आम्ही दोघी होतो, आता घरात मी एकटी. माझी बहुतेक नोकरी मेडिसिनच्या वॉर्डात गेली. मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरचे पेशंट तर येतातच, पण सीमेपलीकडच्या बेळगाव-विजापूर भागातूनही येतात. पेशंट दाखल झाला की आहाराची चौकशी करायची असते. ‘तुम्ही काय काय खाता?’ असं विचारलं की सगळे म्हणतात, ‘सगळं खातो’. म्हणून मी विचारायचे, ‘काल रात्री काय जेवलात?’ मग खरं बाहेर यायचं. चहा आणि बटर. लोणचं आणि सकाळचा भात. दुधात कुस्करलेली भाकरी. ‘भूकच नव्हती सिस्टर, पडून राहिले.’

जत भागातले एक आजोबा मला आठवतात. घरची शेती होती, पेन्शन होतं, गॅसची दोन सिलिंडरं होती. आजी गेल्या होत्या आणि मुलं पुण्याला. अशक्तपणाने चक्कर येऊन पडले म्हणून दाखल झाले होते. मी जेवणाचं विचारलं तर म्हणाले, ‘सिस्टर, एकट्यासाठी कुठं गॅस पेटवायचा?’ पैसे नाहीत म्हणून उपाशी राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं, त्यावर उपायही वेगळे. पण घरात डाळ, तांदूळ, भाजी सगळं असून केवळ आपण एकटे आहोत म्हणून न जेवणारी माणसं मी वॉर्डात पुन्हा पुन्हा पाहिली. त्यांच्यासाठी कोणी काही लिहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ही माणसं थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठ वर्षांवरचे १० कोटींहून अधिक लोक होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७-१८ मध्ये ज्येष्ठांची जी मोठी पाहणी करवली, तिच्यात शंभरातले सुमारे सहा ज्येष्ठ एकटे राहत असल्याचं दिसलं. एकट्या पुरुषांपेक्षा एकट्या बायकांचं प्रमाण अधिक आहे. आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं झालं. शिफ्टवर जाणाऱ्या नर्सेस, बदलीच्या गावी खोली घेऊन राहणारे शिक्षक, एमआयडीसीतली मुलं यांची मोजदाद त्यात नाही.

एकट्याचा स्वयंपाक कमी कष्टाचा असतो, असा चौघांच्या घरात राहणाऱ्यांचा समज असतो. तसं नाही. कांदा एक चिरा की चार, विळी घ्यावीच लागते, ओटा पुसावाच लागतो. पाव वाटी डाळ मोठ्या कुकरात लावली तर ती तळाला पसरते आणि करपते. माप साधत नाही म्हणून जास्त करायचं, मग तीच उसळ चार दिवस खायची. तिसऱ्या दिवशी ती नकोशी होते आणि माणूस चहा-बिस्किटावर येतो. शिवाय गुडघे दुखत असतील तर ओट्याशी अर्धा तास उभं राहणं ही शिक्षा आहे. गॅसवर दूध ठेवून विसरणं, कुकरमधलं पाणी आटून जाणं हे वयाबरोबर वाढतं. त्यातून भाजलेले पेशंटही मी पाहिले आहेत.

डबा लावा, असं लोक सुचवतात. तरुणांना तो ठीक आहे. पण रक्तदाबाच्या माणसाला त्या डब्यात मीठ किती पडलं हे कळायला मार्ग नसतो, आणि रश्श्यावर तेलाचा जो तवंग असतो तो काढून टाकावा लागतो. एक मात्र मी विकत घेते आणि घ्यावं असं सांगते, ते म्हणजे भाकरी. आमच्याकडे भाकरी करून विकणाऱ्या बायका आहेत. शाळूची एक भाकरी आणावी. आणायला जमत नसेल तर सोलापूरकडची कडक भाकरी घरात ठेवावी, ती डब्यात कितीतरी दिवस टिकते. मग आपल्याला करायची राहते ती ओली, शिजलेली, पोटभरीची गोष्ट. आमटी, उसळ, भाजी, खिचडी. इथे मला स्लो कुकरबद्दल सांगायचं आहे.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेरून धातूचं आवरण, त्याच्या भिंतीत विजेवर तापणारी पट्टी, आत जाड चिनीमातीचं भांडं आणि वर काचेचं झाकण. बटणावर लो, हाय आणि वॉर्म अशा तीन खुणा. आत कच्चं साहित्य आणि थोडं पाणी घालायचं, झाकण लावायचं आणि आपल्या कामाला लागायचं. चार ते आठ तासांनी जेवण तयार. शिट्टी नाही, ज्योत नाही, ढवळणं नाही. लो आणि हाय यांत बहुतेक कुकरांचं शेवटचं तापमान जवळपास तेच, उकळीच्या किंचित खाली असतं. हायवर तिथवर लवकर पोचतं, लोवर उशिरा, एवढाच फरक.

या भांड्याची गोष्ट मला फार आवडते. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन या संशोधकाला १९४० मध्ये याचं पेटंट मिळालं. त्याच्या आईने त्याला लिथुआनियातल्या आपल्या माहेरची पद्धत सांगितली होती. ज्यू लोक शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवशी, विस्तव पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घेवडा, मांस, भाज्या भरलेलं भांडं गावच्या पावभट्टीत नेऊन ठेवायचं आणि विझत जाणाऱ्या भट्टीच्या धगीवर ते रात्रभर शिजू द्यायचं. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू लोकांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. तोच हा शब्बाथ. नॅक्सनचा धंदा पुढे रायव्हल नावाच्या कंपनीने घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने हे भांडं अमेरिकेत घरोघर गेलं. दिवसभर नोकरी करणाऱ्या बायकांनी ते उचलून धरलं.

आपल्यालाही ही रीत परकी नाही. चुलीच्या मुख्य तोंडावर भाकरी व्हायच्या आणि शेजारच्या वैलावर, मागून येणाऱ्या धगीवर, हुलग्यांचं किंवा मटकीचं भांडं बसलेलं असायचं. त्याच्याकडे कोणाला बघावं लागत नसे. आई रानातून परत येईपर्यंत ते मऊ शिजलेलं असे. गॅस आल्यावर घरातल्या बायका धुरातून सुटल्या, याहून चांगली गोष्ट नाही. छातीचे विकार झालेल्या, चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायका मी सांभाळल्या आहेत, त्यामुळे चुलीचे गोडवे मी कधी गाणार नाही. पण गॅसच्या शेगडीला वैल नाही, हेही खरं. आणि एकट्या माणसासाठी खास भांडं करावं हा विचारही आपल्याकडे जुना आहे. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये ‘इकमिक कुकर’ काढला होता. खाली थोडा कोळसा आणि वर डब्यांची चळत. भात, डाळ, भाजी एकदमच वाफेवर शिजे. बिऱ्हाडाबाहेर राहणाऱ्या आणि प्रवास करणाऱ्या लोकांची त्याने मोठी सोय केली.

आता खर्चाचं बोलू. प्रेशर कुकर आणि स्लो कुकर यांची तुलना करताना प्रामाणिक राहायला हवं. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, डाळ पंधरा-वीस मिनिटांत होते, गॅसही थोडाच लागतो. वेळ आणि इंधन यांच्या हिशोबात तोच सरस आहे. स्लो कुकर वाचवतो ते आपलं लक्ष आणि आपलं उभं राहणं. माझा दीड लिटरचा आहे, त्यावर १२० वॅट लिहिलेलं आहे. म्हणजे सहा तास पूर्ण जोरात चालला तरी पाऊण युनिटाच्या आतच वीज खातो. किंमत साध्या मिक्सरएवढी. घेताना आकार पाहून घ्या. एकट्या माणसाला एक ते दीड लिटरचा पुरतो. भांडं निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत भरलेलं असलं तरच ते नीट शिजवतं, सहा लिटरच्या कुकरात वाटीभर आमटी आटून कडेला चिकटते. घरात मोठाच असेल तर त्यात थोडं गरम पाणी घालून मध्ये स्टीलचा डबा किंवा काचेचं बोल ठेवा आणि त्यात शिजवा. काही विजेच्या मल्टिकुकरमध्ये ‘स्लो कुक’ असं वेगळं बटण असतं, ते असेल तर नवीन काही घ्यायची गरज नाही. साध्या राइस कुकरवर मात्र हे काम होत नाही, पाणी आटलं की तो स्वतःच बंद होतो. आणि मुला-नातवंडांनी अमेरिकेतून आणलेला कुकर थेट आपल्या प्लगला लावू नका. तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३० व्होल्ट येतात, तो जळून जाईल.

माझी मापं देते. वाटी म्हणजे दीडशे मिलीची.

हुलग्यांची आमटी: अर्धी वाटी हुलगे निवडून रात्री भिजत घालायचे. सकाळी ते पाणी टाकून द्यायचं, नवं पाणी घालून गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळी आणायची आणि मग दोन वाट्या गरम पाण्यासकट कुकरात ओतायचे. त्यात चिरलेला एक लहान कांदा, चार लसूण पाकळ्या, हळद. लोवर सात-आठ तास. बोटाने दाबून हुलगा मऊ लागला की पळीने निम्मे चेपायचे, मग दोन आमसुलं आणि मीठ. आमसूल, चिंच, टोमॅटो आधी घालू नका. आंबटात कडधान्य शिजायचं थांबतं. बोअरच्या जड पाण्यातही तेच होतं, आमच्याकडच्या कितीतरी घरांत बोअरचंच पाणी असतं, म्हणून शिजवायला पिण्याचं पाणी घ्या. शेवटी लहान कढल्यात चमचाभर तेलाची फोडणी द्यायची. मोहरी, जिरं, लसूण आणि अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला. फोडणी हे काम या कुकरला जमत नाही आणि ती टाळावी असं मी म्हणणारही नाही, तिच्याशिवाय आपल्या जिभेला जेवल्यासारखं वाटत नाही. दुपारी ही आमटी भाकरीशी खायची. उरलेली लगेच फ्रिजमध्ये, आणि रात्री गॅसवर उकळून, पाणी वाढवून कढणासारखी प्यायची. सोबत थोडा भात. एका दिवसाचं काम झालं आणि दुसऱ्या दिवशी तेच खावं लागलं नाही.

भोपळ्याची खिचडी: पाव वाटी तांदूळ, पाव वाटी मुगाची डाळ, तांबड्या भोपळ्याच्या चार-पाच फोडी, आल्याचा तुकडा, हळद आणि दोन वाट्या कढत पाणी. हायवर साधारण दोन तास. ही आसट होते, मोकळी होणार नाही. मोकळा भात खायचा असेल तर तो गॅसवरच करा. दात नसलेल्या किंवा आजारातून उठलेल्या माणसाला ही खिचडी फार सोसते. वर चमचाभर तूप आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट.

ज्वारीच्या कण्या मी रात्री लावते. पाव वाटी धुतलेल्या कण्या, दोन वाट्या पाणी, चिमूटभर जिरं, लोवर. सकाळी उठल्यावर त्या मऊ होऊन बसलेल्या असतात. त्यात ताक घालून खायच्या. दूध किंवा ताक रात्रीच घालायचं नाही, फाटतं.

गाजर, बटाटा यांना या कुकरात मांसापेक्षाही जास्त वेळ लागतो, ते तळाशी आणि कडेला ठेवायचे. मेथी, चाकवत, पालक शेवटच्या अर्ध्या तासात. कृष्णाकाठची वांगी इथे घालू नका, त्यांचा पार लगदा होतो आणि एवढी चांगली वांगी वाया जातात.

मांसाहार करणाऱ्यांनी पाया करून पाहावा. दोन पाय स्वच्छ भाजून, धुऊन, गॅसवर एक उकळी काढून घ्यायचे. मग आलं, लसूण, मिरे, दोन लवंगा आणि बुडेल एवढं गरम पाणी घालून लोवर रात्रभर ठेवायचे. लवंग-दालचिनी बेताने घाला, बंद झाकणाखाली इतक्या वेळात त्यांचा अर्क तीव्र उतरतो. या रश्श्याने गुडघे बरे होतात असं मी सांगणार नाही, पण थंडीत एकट्या माणसाच्या घरी सकाळी तो वास दरवळला की जेवायची इच्छा होते, आणि मला तीच हवी आहे. फ्रीझरमधलं गोठलेलं मांस मात्र तसंच कुकरात टाकायचं नाही. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात, आणि गोठलेला गोळा त्या टप्प्यात फार वेळ रेंगाळतो.

आता एक परिच्छेद असा लिहिते की जागेअभावी पत्र कापावं लागलं तर बाकी काहीही कापा, पण हा ठेवा. राजमा आणि घेवडा कच्चा किंवा नुसता भिजवून स्लो कुकरात शिजवायचा नाही. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळालेला आहे, चवीला उत्तम आहे, मी तो दरवर्षी मागवते. पण या सगळ्या घेवड्याच्या जातीत फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. जोरदार उकळीत ते नष्ट होतं, मंद उष्णतेत होत नाही. ८० अंशांवर अर्धवट शिजलेला घेवडा कच्च्यापेक्षाही पाचपट घातक ठरू शकतो. चार-पाच दाण्यांनीही एक ते तीन तासांत जबर उलट्या आणि मग जुलाब सुरू होतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला अशा उलट्या झाल्या तर पाणी द्यायलाही जवळ कोणी नसतं. म्हणून घेवडा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच मंद शिजवायला ठेवा. किंवा सरळ प्रेशर कुकरमध्ये करा, तिथे हा धोका राहत नाही. मुगाच्या आणि मसुराच्या डाळीला ही भीती नाही.

विजेचंही तसंच. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे वळवाच्या पावसाबरोबर लाइट जाते. आपण घरी असू तर भांड्यातलं सगळं पातेल्यात काढून ताबडतोब गॅसवर पूर्ण शिजवावं. बाहेरून आल्यावर मध्ये लाइट गेली होती असं कळलं आणि किती वेळ ते शेजाऱ्यांनाही सांगता आलं नाही, तर ते अन्न टाकून द्यावं. अन्न टाकताना जीव तुटतो, माझाही तुटतो, पण वॉर्डात सलाइन लावून घेण्यापेक्षा वाटीभर डाळ गेलेली बरी. शिजल्यावर दोन तासांच्या आत उरलेलं फ्रिजमध्ये जायला हवं. दुसऱ्या वेळी ते गॅसवर उकळून गरम करायचं, स्लो कुकरात गरम करायला ठेवायचं नाही. ‘वॉर्म’वर कच्चं काही शिजवायचं नाही. मधूनमधून झाकण उघडून बघायची सवय सोडायची, एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस-तीस मिनिटं लागतात. आणि तापलेल्या चिनीमातीच्या भांड्यात गार पाणी ओतलं तर ते तडकतं.

हे सगळं वाचून वाटेल की एवढे नियम कशाला. माझं उत्तर मिठाचं आहे, आणि परिचारिका म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. दिवसाला एकूण पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात पापड, लोणचं, फरसाण, बिस्किटं सगळं आलं. घरच्या मोठ्या पातेल्यातल्या आमटीत सूनबाईंनी मीठ किती घातलं आणि त्यातलं आपल्या वाटीत किती आलं, हे कोणी सांगू शकत नाही. मी कितीतरी पेशंटना ‘मीठ कमी करा’ म्हणत आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ‘म्हणजे नेमकं किती?’ हा प्रश्न दिसायचा. एका माणसाच्या भांड्यात तो प्रश्नच उरत नाही. पाव चमचा घातलं, तेवढंच पोटात गेलं. दोन्ही वेळचं मिळून अर्धा चमचा. झाकणाखाली पाणी आटत नसल्यामुळे शेवटी घातलेलं मीठ तेवढंच लागतं, खारट होत नाही. तेलाचंही तसंच, एक चमचा म्हणजे एकच चमचा.

प्रथिनांचाही हिशोब असाच थेट लागतो. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. मुगाची डाळ शंभर ग्रॅम घेतली तर तिच्यात सुमारे २४ ग्रॅम असतात. म्हणजे दिवसात पन्नास ग्रॅम डाळ पोटात गेली तर बारा ग्रॅम झाली, एक अंडं खाल्लं की आणखी सहा, मग दूध, ताक, भाकरी, शेंगदाणे. चहा आणि बटर खाऊन ही बेरीज कुठे जाईल ते तुम्हीच पाहा. चक्कर, हातापायांतला जोर जाणं, पडणं आणि पडल्यावर खुब्याचं हाड मोडणं, या साखळीची पहिली कडी पुष्कळदा रिकाम्या ताटात असते.

म्हणून संपादक महोदय, आपल्या पानाचं काम मोठं आहे. एकट्या माणसाला पाककृती वाचताना सगळ्या आकड्यांना चाराने भागावं लागतं आणि भागून ते येत नाही. एक कांद्याचा चतुर्थांश कुठे ठेवायचा? चार वाट्या पाण्याचं एक वाटी पाणी केलं तर लहान भांड्यात ते पुरत नाही, आणि स्लो कुकरात उलट जास्त होतं. वेळही बदलते. एकट्याचं माप वेगळं करून, शिजवून, खाऊन पाहूनच द्यावं लागतं. ते काम आपल्या पानावर लिहिणाऱ्या सुगरणींनी करावं, त्यांच्या हाताला चव आहे हे मी त्यांच्या पाककृती करून अनुभवलं आहे.

देताना माप वाटीबरोबर ग्रॅममध्येही द्या, म्हणजे डॉक्टरांनी आहार बांधून दिलेल्यांना उपयोग होईल. ‘मीठ चवीनुसार’ न लिहिता चमच्यात लिहा. उरलं तर फ्रिजमध्ये किती दिवस चालेल आणि त्याचं दुसरं काय करता येईल, ते लिहा. ज्यांच्याकडे स्लो कुकर नाही त्यांच्यासाठी जाड बुडाच्या लहान पातेल्यातली किंवा दीड-दोन लिटरच्या प्रेशर कुकरमधली कृतीही शेजारी द्या. आणि अक्षर मोठं ठेवा, हे पान ज्यांच्यासाठी असेल त्यांच्यातल्या अनेकांचे चष्मे जुने आहेत.

वरची हुलग्यांची आमटी, खिचडी आणि कण्या मी स्वतः पुन्हा पुन्हा करून मापं पक्की केलेली आहेत. सुरुवातीला छापायला काही नसेल तर त्या छापा, माझं नाव घालायची आवश्यकता नाही. फक्त घेवड्याची सूचना त्यांच्यासोबत चौकटीत द्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
मिरज